काचेवर ठेवलेला हात

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि संध्याकाळपर्यंत लाइट आली नाही. असं हल्ली क्वचितच होतं. पंखा थांबल्यावर घरातले जे आवाज एरवी ऐकूच येत नाहीत, ते ऐकू यायला लागले. खालच्या मजल्यावर कुणीतरी ताडगोळे सोलत होतं, नखाने साल ओढल्याचा तो ओलसर आवाज. टाकीत पाणी पडत होतं. मी अर्धवट राहिलेलं काम सोडून गॅलरीत येऊन बसले. पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढणं हा माझा व्यवसाय आहे आणि ते सगळं आता स्क्रीनवरच होतं, त्यामुळे लाइट गेली की माझ्या हाताला काही काम उरत नाही. नुसती बसून राहिले आणि बसल्या बसल्या एक जुना मे महिना आठवत गेला.

तेव्हा लाइट जाणं ही बातमी नव्हती. वसई-विरारमध्ये ती रोजच जायची, वेळापत्रक लावून जायची आणि वेळापत्रकाबाहेरही जायची. आम्ही नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहायचो. बाबा मुंबईला एका कचेरीत होते, सकाळी अंधारात निघायचे. आई घरी, धाकटा भाऊ शाळेत. दोघंही राजापूरकडची. समोर नवीन इमारतींचे सांगाडे उभे होते आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत अजून म्हशी बसायच्या. मी एकोणीस वर्षांची होते, बारावीनंतर एक वर्ष कॉलेजात काढलं होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर कोड होतं.

हे मी आज जितक्या सरळ लिहिते, तितक्या सरळ आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. ‘ते’ म्हणायचे. ‘ते’ वाढलं का, ‘त्या’ला औषध लावलं का. सातवीत असताना हनुवटीखाली एक पांढरा ठिपका आला, नंतर ओठाच्या कोपऱ्याशी, मग डाव्या भुवईजवळ, मग बोटांच्या पेरांवर. मी मुळात चांगली काळीसावळी, त्यामुळे ते लांबून दिसायचं. अनेक डॉक्टर झाले. त्यांच्यापैकी एका वैद्यांनी बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं होतं. मे महिन्याची सुट्टी म्हणजे या उपचाराचा हंगाम. सकाळी आई गॅलरीत पाट टाकायची, माझ्यासमोर बसायची आणि करंगळीच्या टोकाने एकेका डागावर तेल टेकवायची. आजूबाजूच्या कातडीला लागू नये म्हणून श्वास रोखून. मग ती पोळ्या करायला निघून जायची आणि मी उन्हाकडे तोंड करून बसायचे. तेल तापायचं. आधी गुदगुल्या, मग चुरचूर, मग सरळ जळायचं. कधी फोड यायचे. फोड आले की आईला आशा वाटायची.

त्या मे महिन्यात मी विरार पूर्वेला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. तेव्हा ‘मल्टिमीडिया’ हा शब्द नवीन होता आणि प्रत्येक दुसऱ्या बोर्डावर लिहिलेला असायचा. आमचा क्लास एका लाद्यांच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना सिमेंटची धूळ नाकात जायची आणि वर दार उघडलं की एसीची गार, थोडी कुबट हवा. एसी आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. चपला बाहेर काढायच्या. लाइट गेली की एसी बंद पडायचा, मशीनखालचे यूपीएसचे काळे डबे टुंग टुंग वाजायला लागायचे आणि सगळीकडून एकच आरोळी उठायची, “सेव्ह करा!”

शिकवायला लोपीस सर होते. वसई पश्चिमेच्या एका वाडीतले, चाळिशीचे, मुंबईला कलाशाळेत शिकलेले. त्यांनी बरीच वर्षं जाहिरातींसाठी हाताने अक्षरं काढली होती. कॉम्प्युटर आल्यावर ते काम गेलं, मग हे शिकले आणि शिकवायला लागले. बोलणं कमी. स्क्रीनकडे बघताना चष्मा कपाळावर चढवायचे. मुलांना ‘अहो-जाहो’ करायचे नाहीत, पण ओरडायचेही नाहीत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिकवलं ते फोटोवरचे डाग काढणं. जुना फोटो स्कॅन करून घ्यायचा, त्यावरचे ओरखडे, बुरशीचे ठिपके मोठे करून पाहायचे, शेजारची चांगली जागा उचलायची आणि डागावर ठेवायची. “इथलं उचल, तिथे ठेव. घाई नको. कडा दिसली की काम वाया.” माझा हात या कामात लगेच बसला. बाकीची मुलं ठिगळं लावत होती, माझं ठिगळ दिसायचं नाही. ठिपक्यांकडे बघत बसायची सवय मला सहा-सात वर्षांची होती.

घरी आईला मी हे सांगितलं ते कौतुकाने. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. दोन दिवसांनी मावशी आली. चंदनसारला राहणारं एक कुटुंब तिच्या ओळखीचं होतं, मुलगा नोकरीला, घरचे बरे. त्यांना फोटो हवा होता. तेव्हा एकोणिसाव्या वर्षी मुलीचा फोटो देणं हे आमच्यासारख्यांत फार लवकर समजलं जात नसे. माझ्या बाबतीत तर उशीरच झालाय असं सगळ्यांना वाटत होतं. मावशी गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली.

“स्टुडिओवाल्याने काढलेला तो साडीतला फोटो आहे ना, तो तुमच्या क्लासात ने.”

“कशाला?”

“तुला येतं ना ते आता. डाग काढायचं. बाहेरच्या माणसाला कशाला सांगायचं? तूच कर.”

ती हे अगदी मऊपणे म्हणाली. पदराला गाठ मारून ती सोडत होती. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मला ते एक चांगलं काम वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासात मी माझा चेहरा स्कॅन केला. मोठा केला. आणखी मोठा केला, इतका की चेहरा राहिला नाही, नुसते चौकोन राहिले. तपकिरी चौकोन, मग जरा फिके, मग आणखी फिके. आरशात जी कडा मला सुरीने कापल्यासारखी दिसायची, तिथे इतक्या जवळून कडा नव्हतीच. मी गालावरचं उचललं आणि हनुवटीवर ठेवलं. कपाळावरचं भुवईजवळ. ओठाच्या कोपऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागला. मग मागे येत येत पूर्ण चेहरा पाहिला. एक सावळी, गुळगुळीत, नीटनेटकी मुलगी साडी नेसून बसली होती. तिच्याकडे बघून मला काहीही वाटलं नाही. एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा फोटो पाहावा तसं.

लोपीस सर मागून आले. चष्मा वर करून त्यांनी नीट निरखलं.

“बरं झालंय. कडा कुठेच नाही. ही कोण?”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते रोज मला बघत होते, हातभर अंतरावरून. त्यांनी एकदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कसा उतरत गेला ते मला अजून आठवतं. माझ्या शेजारची खुर्ची त्यांनी विनाकारण सरळ केली आणि पुढे गेले.

फोटो मावशीकडे गेला. तिथून चंदनसारला गेला. निरोप आला, मुलगी पसंत आहे, महिनाअखेरच्या रविवारी बघायला येतो. आईने पडदे धुवायला काढले. बघायला आल्यावर काय होणार, हा प्रश्न आई, बाबा आणि मी, तिघांच्याही मनात असणार, पण तो कुणी उच्चारला नाही. मावशीचं म्हणणं होतं की एकदा माणसं घरी आली, मुलीचं बोलणं-चालणं पाहिलं, की एवढं तेवढं कुणी धरत नाही. शिवाय पावडर असतेच.

त्याच सुमारास क्लासचं शेवटचं काम जाहीर झालं. सर म्हणाले, “स्वतःचं चित्र करा. फोटो नुसता चिकटवायचा नाही. मशीनवर चित्र करायचं. आणि खाली चार ओळी लिहायच्या, असं का केलं म्हणून. महिन्याच्या शेवटी खाली दुकानामागच्या हॉलमध्ये लावू, घरच्यांना बोलवा.”

माझ्या शेजारच्या मशीनवर जसिंता बसायची, भुईगावची. तिच्या घरी मोगऱ्याची वाडी होती. पहाटे कळ्या खुडून ती क्लासला यायची, त्यामुळे तिच्या बोटांना आणि पुढे माऊसलाही मोगऱ्याचा वास यायचा. क्लासच्या फोनवर तिच्या घरून फोन आला की ती पाठ फिरवून, हळू आवाजात, त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची. आम्हाला त्यातलं निम्मं कळायचं. फोन ठेवला की पुन्हा आमच्यासारखी. तिने स्वतःचं चित्र पटापट केलं. उंच काचेच्या इमारती, बर्फ पडतोय, आणि मधोमध लांब कोट घातलेली जसिंता. आम्ही सगळ्यांनी बर्फ फक्त टीव्हीवर पाहिलेला.

सर म्हणाले, “जसिंता, ही तू आहेस? वाडी कुठेय? कळ्या कुठेयत?”

“कळ्या मी रोज खुडते सर. चित्रात पण खुडू?”

आम्ही हसलो. सरही हसले, मग म्हणाले, “पण ही तू नाहीयेस ना.”

“अजून नाहीये,” जसिंता म्हणाली, “पण मीच आहे.”

सर म्हणाले, “हेच खाली लिही.” काही वर्षांनी ती खरंच कॅनडाला गेली. तिथून तिने एक फोटो पाठवला, त्यात बर्फ होता आणि कोट होता, फक्त इमारती तितक्या उंच नव्हत्या. लोक सांगतात की माणसाने आपलं मूळ शोधावं. काहींचं मूळ पुढे असतं, मागे नाही, हे मला जसिंताने शिकवलं.

माझं मात्र अडलं होतं. आधी मी ठरवलं की डागांची मिठागरं करायची. नायगावच्या खाडीजवळ ती दिसतात, काळ्या चिखलात पांढरे चौकोन. माझा चेहरा म्हणजे खाडीकाठ, त्यावर माझी मिठागरं. दोन दिवस खपून मी ते केलं, आणि छान दिसत होतं. कडेला बगळेही काढले. सरांना दाखवलं.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण मनीषा, एक सांगू का? डाग लपवायचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे पुसायचे. ते तुला चांगलं जमतं. दुसरा म्हणजे त्यांची फुलं करायची, ढग करायचे, मिठागरं करायची. हाही लपवायचाच प्रकार.”

मी म्हटलं, “मग काय करू?”

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी तुला ओळखलं नव्हतं. मला विचारू नकोस.”

त्या फोटोबद्दल आमच्यात झालेलं हे पहिलं आणि शेवटचं बोलणं. त्यात माफी होती की नव्हती हे मी कधी ठरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. क्लासमध्ये कुणी नव्हतं. मी स्कॅनरचं झाकण उघडलं आणि काचेवर माझा डावा हात ठेवला. काच गार होती. झाकण बंद होईना, म्हणून ओढणी वर टाकली. खालून तो हिरवट उजेड सरकत गेला, बोटांच्या फटींतून वर येऊन भिंतीवर पडला, आणि स्क्रीनवर माझा हात उमटला. रेषा, केस, नखाखालची धूळ, पेरांवरचे डाग. सगळंच.

मग मी एक साधं काम केलं. चित्रातल्या कुठल्याही बिंदूवर टेकवलं की तिथला रंग उचलून देणारं एक साधन असतं, ड्रॉपरसारखं. त्याने मी हातावरचे रंग उचलत गेले आणि कडेला त्यांची पट्टी करत गेले. मी समजत होते की माझ्याकडे दोन रंग आहेत, काळा आणि पांढरा. घरातही सगळे तेच समजत होते. पट्टी वाढतच गेली. चिकूच्या सालीसारखा. भिजलेल्या चिंचेसारखा. नखाशेजारचा जांभळट. आणि ज्याला आम्ही सगळे पांढरा म्हणत होतो तो पांढरा नव्हताच. गूळ घातलेल्या दुधासारखा होता, कुठे कुठे त्यात गुलाबी होतं, शिरेवर निळसर. पांढरा रंग माझ्या हातावर कुठेच सापडला नाही. फक्त नखाच्या टोकाला होता, आणि तो सगळ्यांच्याच नखांना असतो.

मी फक्त त्या पट्टीतले रंग वापरून माझा चेहरा काढायला घेतला. समोर लहान आरसा. डावा गाल, नाक, कपाळ. निम्मं झालं असेल आणि लाइट गेली. मशीनखालचा डबा एकदाच वाजला आणि बंद पडला. त्याची बॅटरी मेलेली होती हे कुणाला माहीत नव्हतं. मी सेव्ह केलं नव्हतं. एव्हाना शेजारी येऊन बसलेली जसिंता माझ्याकडे बघून म्हणाली, “रडू नको हां, मला पण लगेच रडू येतं.” मी रडले नाही. अंधारलेल्या स्क्रीनमध्ये माझा चेहरा दिसत होता, आणि त्यात डाग दिसत नव्हते, कारण काहीच नीट दिसत नव्हतं. दुसऱ्या वेळी काढताना हात कमी थांबला. खाली चार ओळी लिहायच्या होत्या, मी दोनच लिहिल्या: हा माझा चेहरा आहे. यातले सगळे रंग माझ्या डाव्या हातावरचे आहेत.

प्रदर्शन शनिवारी होतं. चंदनसारची मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती. खालच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून चिमट्यांनी चित्रं लटकवली होती, कपडे वाळत घातल्यासारखी. पंख्याने सगळ्यांचे चेहरे हलत होते. बाबांना सुट्टी नव्हती, आई एकटीच आली, इस्त्रीची साडी नेसून, हातात रुमाल. मी तिला काय काढलंय ते सांगितलं नव्हतं. ती एकेका चित्रासमोर थांबत, समजल्यासारखी मान हलवत पुढे येत होती. जसिंताचा बर्फ तिला आवडला. मग ती माझ्यापाशी आली.

मी जरा लांब, खांबाला टेकून उभी होते. सरही लांब उभे होते. आईने पर्समधून चष्मा काढला. हलणारा कागद तिने खालच्या कोपऱ्याला धरून स्थिर केला. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर चित्र काढून ठेव म्हणेल. दोन्ही गोष्टींची मी तयारी केली होती.

“मनीषा,” तिने बोलावलं. “हा भुवईजवळचा तू मोठा काढलायस.”

“नाही गं. आहे तेवढाच आहे.”

“नाही. इथपर्यंत नाही आलेला तो अजून.” तिने करंगळीचं टोक कागदावर ठेवलं. “इथे थांबतो. आणि ओठाकडचा असा सरळ नाहीये, खाली वळतो जरासा. तू आरशात घाबरत बघतेस, म्हणून तुला मोठा दिसतो.”

मी हॉलच्या मागच्या आरशात जाऊन पाहिलं. तिचं बरोबर होतं. भुवईच्या अलीकडेच तो थांबत होता. मी माझा चेहरा इतकी वर्षं पाहत होते असं मला वाटत होतं. पाहत ती होती. मी फक्त तपासत होते.

परतताना आम्ही स्टेशनच्या बाजूने चालत निघालो. रस्त्यात एका एसटीडी बूथसमोर आई थांबली, आत गेली आणि काचेचं दार लावून घेतलं. दार नीट लागत नव्हतं, मला ऐकू येत होतं. ती मावशीशी बोलत होती.

“उद्या त्यांना यायचं तर येऊ दे. पण आधी सांगून टाक, फोटोत आहे तशी ती नाहीये… नाही, पावडर नाही लावणार… अगं, मीच करायला लावलं तिला ते. तिची चूक नाही… चिडतील तर चिडू देत. तू सांग.”

मावशीचा आवाज बूथबाहेर येत होता, शब्द नाही. आईने फोन ठेवला, बाहेर आली, रुमालाने मान पुसली आणि म्हणाली, “जाम घेऊया का?” आम्ही टोपलीवालीकडून जामची फळं घेतली आणि खात खात आचोळ्याच्या रिक्षेत बसलो.

रविवारी ती मंडळी आली नाहीत. मावशी काही महिने आमच्याकडे यायची बंद झाली, मग यायला लागली. पुढे माझं लग्न झालं, त्याचीही एक गोष्ट आहे, पण ती त्या मे महिन्यातली नाही. चित्राची छापील प्रत आईने फ्रेम करून घेतली. तिने दाखवलेल्या दोन्ही जागा मी आधी दुरुस्त केल्या होत्या.

तेलाचं काय झालं, असं मला कधी कुणी विचारतं. काही झालं नाही. कोड वाढत गेलं, हळूहळू, माझ्या नकळत नव्हे, पण माझी परवानगी न घेता. आज ते इतकं पसरलंय की माझा चेहरा जवळजवळ एका रंगाचा झाला आहे. सावळ्याची बेटं कानामागे आणि पापण्यांवर उरली आहेत, तीही जातील. त्या दुपारी मी मशीनवर जे एका बाजूने केलं होतं, ते शरीराने वीस वर्षं घेऊन उलट्या बाजूने केलं, आणि कडा खरोखर कुठेच ठेवली नाही. नवीन ओळखीचे लोक मला गोरी समजतात. एका प्रकाशकाच्या कचेरीत एक बाई म्हणाल्या, “तुमचा रंग किती छान आहे हो.” मी आभार मानले. खरं काय ते सांगायचं तर चहा गार झाला असता.

आई आता भावाकडे असते, चंदनसारच्याच एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये. परवा मी तिला भेटायला गेले तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई बसल्या होत्या, नुकत्याच राहायला आलेल्या, मला कधी न पाहिलेल्या. मी दारात चपला काढत होते. आईने आतूनच मला पाहिलं आणि त्यांना सांगितलं, “ही माझी मोठी. आमची सावळी.”

शेजारीण माझ्याकडे बघून मोठ्याने हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आईला कळलं नाही.